कामावर गेलेला संपवीर

"दोन पानं लिहून दे," असं माझा आतेभाऊ म्हणाला. फक्त दोन पानं! जसा काही आमचा आजोबा घडी घालून दोन पानांत बसणारा माणूस होता.

"संपाला ऐंशी वर्षं होतायत," तो म्हणाला. "युनियन पुस्तिका काढतेय. कारखान्याच्या कोपऱ्यावर दगड बसणार आहे, त्यावर आजोबांचं नाव कोरणार आहेत. तुला आता काय काम आहे? टेलिफोनचं ऑफिस बंद झालं, घरीच तर असतेस."

घरीच तर असतेस! ज्यांना स्वतःच्या घरात चहाचा कप कुठे ठेवलाय ते माहीत नसतं, त्यांनाच हे वाक्य सुचतं. माझा आतेभाऊ इमारतीच्या कमिटीचा अध्यक्ष आहे, वाचनालयाचा अध्यक्ष आहे, सकाळी फिरायला जाणाऱ्यांचं एक मंडळ आहे त्याचाही अध्यक्ष आहे. त्याला मी अध्यक्षच म्हणते. त्याला वाटतं, मी मानाने म्हणते.

अध्यक्षांनी पहिलं वाक्य स्वतःच लिहून ठेवलं होतं: "मूठभर हाडांचा हा कणखर रंगारी पोलिसांच्या लाठीपुढे कधीच झुकला नाही." पुढचं तेवढं मी लिहायचं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा असा, फक्त इथे नागोबा बिळाच्या तोंडाशी बसून दुसऱ्याला खोदायला सांगतो.

आम्ही बोलत होतो आणि आतल्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. ती आत्या. अध्यक्षांची आई, माझ्या वडिलांची मोठी बहीण, वय सत्याऐंशी. पाय गेलेत, कान शाबूत आहेत, जीभ तर विचारूच नका.

"आधी त्याला विचारा," आत्या आतून म्हणाली, "सगळ्यांचे बाप सुटून घरी आले, तू का नाही आलास? मग बसवा दगड, नाहीतर डोंगर बसवा."

अध्यक्ष माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आई समारंभाला येणार नाही म्हणते. पुढच्या रांगेत संपवीराची मुलगी नसेल तर कसं दिसेल? तू बघ काहीतरी."

म्हणजे दोन पानं लिहायची आणि वर आत्याचा राग काढायचा! घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

पण आत आत्याजवळ जाऊन बसले आणि माझी कुरकुर जरा थांबली. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. "हे बघ," ती म्हणाली, "मला त्याचा दगडबिगड काही नको. मला एवढंच कळू दे. मी सात वर्षांची होते. सरकार पडलं, तुरुंगाचे दरवाजे उघडले, लोकांनी कैद्यांना खांद्यावर घेऊन घरोघर पोचवलं. आईनं मला धुतलेला फ्रॉक घातला. मी दिवसभर जिन्याच्या तोंडाशी उभी होते. सगळे आले. हा नाही आला. हा आला जवळजवळ वर्षानं, आई गेली त्या दिवशी. आणि आला तेव्हा त्याच्या अंगाला निळीचा वास येत होता. ताज्या निळीचा! म्हणजे कुठे भूमिगतबिमिगत नव्हता तो. कुठेतरी मजेत रंग काढत बसला होता, आणि माझी आई इथे मेली. का ते मला कळलं पाहिजे. मी आता जास्त दिवस काढत नाही."

हे असं होतं. अध्यक्षांना दोन पानं हवी होती आणि आत्याला मरायच्या आधी एक उत्तर हवं होतं. मी आत्यासाठी कामाला लागले, हे अध्यक्षांनी वाचलं तरी हरकत नाही.

आजोबा मला थोडे आठवतात. मी आठेक वर्षांची असताना ते गेले. आमच्याच घरात असायचे. बारीक, ताठ, नखं कायमची निळी. बोलायचे नाहीत, म्हणजे अजिबातच नाहीत. कोणी पाहुणा आला आणि "संपाच्या वेळी तुम्ही काय सोसलंत हो!" असं सुरू झाला की आजोबा उठायचे आणि मोरीत जाऊन हात धुवायचे. पाहुणा जाईपर्यंत धुवायचे. आई म्हणायची, केवढे विनम्र! मला तेव्हाही वाटायचं, साबण संपतोय.

मग मी वाचनालयात बसले. जाडजाड इतिहास काढले. त्या वर्षाबद्दल लिहिणाऱ्यांनी काही म्हणता काही सोडलेलं नाही. लढाई चालू होती, सैन्याच्या गणवेशाला निळं कापड लागत होतं, म्हणून कारखाना दिवसरात्र चालायचा. पीठ महाग, कोळसा महाग, मजुरी तीच. मग संप, मग संचारबंदी, मग भिंतींवर निळ्या अक्षरांत घोषणा, मग धरपकड, आणि शेवटी सरकारच गडगडलं. चौकात किती लोक जमले, कोणी भाषण केलं, कोणत्या खिडकीतून गोळी सुटली, सगळं आहे. आणि आमचे आजोबा? एका पुस्तकात एक ओळ: "रंगखात्यातील एका कामगाराने मारहाण होऊनही अखेरपर्यंत काहीही कबूल केले नाही." झालं! एवढ्या एका ओळीवर आमच्या घराण्याने ऐंशी वर्षं मिशीला पीळ दिला.

बरं, नातेवाइकांना विचारावं तर प्रत्येकाचा आजोबा वेगळा. एक चुलतकाका म्हणाले, त्यांनी एकट्याने कारखान्याचं फाटक बंद केलं. त्यांच्या बायकोने सांगितलं, छे, ते फाटकावर चढले होते. तिसऱ्या एकाने ठणकावून सांगितलं की घोषणा लिहायची कल्पनाच त्यांची. आजोबांना नीट लिहिता येत नव्हतं, हे मी म्हटलं तर त्याने फोन ठेवला. टेलिफोनच्या ऑफिसात मी उभा जन्म लोकांची बोलणी एकमेकांना जोडून देण्यात घालवला, पण इतकी खोटी बोलणी एका आठवड्यात कधी जोडली नव्हती.

शेवटी अक्षरशः नाकी नऊ आले, तेव्हा मी आत्याला वैतागून म्हटलं, "अगं, त्या वेळचं कोणीच उरलं नाही का? शेजारी, पाजारी, कोणी?"

"समोरच्या खोलीत मोचीकाका-मोचीकाकू होते," आत्या म्हणाली. "गेले कधीच. त्यांची मुलगी आहे. असेल नव्वदीची. मागच्याच गल्लीत राहते."

"मागच्या गल्लीत?"

"दवाखान्याच्या वर."

"आणि तू तिला कधी विचारलं नाहीस?"

"आम्ही बोलत नाही," आत्या म्हणाली. "तिनं माझी उडी मारायची दोरी घेतली होती. परत दिली नाही."

आता मला सांगा, यावर माणसाने काय करावं? मी महिनाभर धूळ खात जाडी पुस्तकं उलटली, साऱ्या गणगोताचे फोन फिरवले, आणि उत्तर दवाखान्याच्या वर बसलेलं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही एका दोरीपायी.

मोच्याची मुलगी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. एका कानाने ऐकू येत नाही आणि तोच कान नेहमी समोरच्याकडे करून बसते. मी ओरडून कोण ते सांगितलं. तिने मला खालून वर पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ती दोरीचं अजून म्हणते का?"

"म्हणते," मी ओरडले.

"माझीच होती ती दोरी," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. मी कपाळावर हात मारला.

पण नंतर तिने जे सांगितलं ते मी मध्ये एक शब्द न बोलता ऐकलं, आणि मला ओळखणारे लोक सांगतील की हे सोपं नाही. ती त्या वेळी दहा वर्षांची होती. बरंचसं तिने डोळ्यांनी पाहिलेलं, उरलेलं खुद्द आजोबांनी तिच्या आईला सांगितलेलं. हो, आजोबांनी सांगितलेलं. "तुझा आजा?" ती म्हणाली. "तो गप्प? अगं, त्याच्या तोंडाला झाकणच नव्हतं. मनात काही राहायचं नाही. कोणी विचारलं, कसं काय, तर सकाळपासूनचं सगळं सांगायचा. आणि खोटं तर त्याला जमायचंच नाही. तीच तर सगळी पंचाईत झाली."

पंचाईत निळीच्या हौदापासून सुरू होते. नीळ म्हणजे पुडी पाण्यात सोडली आणि कापड बुचकळलं, असं नसतं. ती हौदात आंबवावी लागते. कोंडा घालायचा, चुना घालायचा, खालून ऊब द्यायची, सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. कापड बाहेर काढलं की हिरवट दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. दोन दिवस लक्ष दिलं नाही तर हौद मरतो. मरतो हाच त्यांचा शब्द. मग सगळं उपसा, नवा लावा, आणि तो धरेपर्यंत रंगखात्यातल्या सगळ्यांनी हात चोळत बसा.

तर संपाची सभा झाली. आजोबांनी संपासाठी हात वर केला, अगदी ताठ. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मागच्या दाराने कामावर गेले.

"कामावर?" मी ओरडले, म्हणजे या वेळी खरोखरच ओरडले.

"हौदाला खायला घालायला," ती म्हणाली. "माझ्या आईनं विचारलं त्याला, अरे, संप ना? तर म्हणाला, संप मालकाशी आहे, हौदाशी नाही. संप मिटल्यावर पोरांनी काय मेलेल्या हौदावर काम करायचं? तोवर आणखी महिनाभर उपाशी?"

बघा आता. म्हणायला गेलं तर बरोबरच बोलत होते, आणि म्हणूनच जास्त राग येतो. बाहेर माणसं लाठ्या खातायत, कामावर जाणाऱ्यांच्या खिडक्या फुटतायत, बायकापोरांसकट त्यांना खोल्यांतून बाहेर काढतायत, आणि हा गृहस्थ रोज दोन वेळा कोंड्याची पिशवी घेऊन कारखान्यात! अहो आजोबा, इतिहास घडतोय बाहेर! पण ते ढवळतायत.

कोणाला कळलं नाही, कारण संचारबंदी होती आणि रंगखात्याचं दार मागच्या नाल्याकडे उघडायचं. मग एका रात्रीत कोणीतरी कारखान्याच्या लांबलचक भिंतीवर निळ्या रंगाने घोषणा लिहिल्या. पोलिसांना हुकूम आला, ज्याचे हात निळे, त्याला उचला. रंगखात्यातले सगळे शहाणे घरात दडून राखेने हात घासत होते. आजोबा हौद ढवळून नाल्याकाठाने परत येत होते. समोर शिपाई. "हात दाखव," तो म्हणाला, आणि यांनी दाखवले, कोपरापर्यंत. हात दाखवून अवलक्षण ही म्हण सगळेच वापरतात. आमच्या आजोबांनी ती जशीच्या तशी करून दाखवली.

चौकीत विचारलं, संचारबंदीत काय करत होतास? यांनी खरं सांगितलं, कामावर गेलो होतो. साहेबाला वाटलं, हा थट्टा करतोय. संपाच्या दिवशी, निळ्या हातांनी, कामावर! मारलं. यांनी परत तेच सांगितलं. परत मारलं. तुरुंगात इतर कैद्यांनी विचारलं, भिंतीवर तूच लिहिलंस ना? हे म्हणाले, नाही हो, मी संप मोडून कामावर जात होतो. कैदी एकमेकांकडे बघून माना डोलवायला लागले. वा! केवढा पक्का माणूस! आपल्या माणसांतसुद्धा कबूल करत नाही! असा झाला आमचा संपवीर. माणूस चौकात उभा राहून सांगतोय की मी तो नाही, आणि लोक त्याच्या गळ्यात हार घालतायत.

इकडे युनियनने तुरुंगातल्या लोकांच्या घरांना धान्य चालू केलं. आजीच्या पदरात सात वर्षांची आत्या आणि अंगावर पिणारे माझे वडील. नवरा तुरुंगात, म्हणून धान्याच्या रांगेत तिला पुढे घ्यायचे. तेल, पीठ, कोळसा, कधी बाळासाठी दूध. कारखाना बंदच होता. सरकार पडल्यावरही कितीतरी महिने तो उघडला नाही, आणि तोवर सुटून आलेल्यांच्या घरीही धान्य चालूच राहिलं. ते धान्य बंद झालं असतं तर तिघांचं काय झालं असतं, हे सांगायला इतिहासकार नको.

आणि आजीला नवऱ्याचा स्वभाव माहीत होता. तो पहाटे कुठे जातो हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने तेव्हाच कपाळ बडवून घेतलं होतं.

तुरुंग उघडला त्या दिवशी आजोबांनी लोकांच्या खांद्यावर बसायला नकार दिला, गर्दी सोडून आडवाटेने निघाले आणि संध्याकाळी मागच्या जिन्याने घरी आले. आले! आत्या पुढच्या जिन्याच्या तोंडाशी फ्रॉक घालून उभी होती आणि आजोबा मागच्या जिन्यावर होते.

मोचीकाकू आणि तिची मुलगी जिन्याखाली चामडं भिजत घालत होत्या. दोघींनी सगळं ऐकलं. आजीने दार अर्धंच उघडलं.

"लोक विचारायला येतील," आजी म्हणाली. "काय सांगाल?"

"काय झालं ते."

"कामावर जात होतो म्हणून सांगाल?"

"मग काय सांगू? जात होतो."

"खोटं बोलू नका. फक्त गप्प बसा. एक वर्ष. कारखाना उघडेपर्यंत."

"विचारलं तर सांगावं लागेल ना गं," आजोबा म्हणाले. "मी कुणाच्या तोंडावर खोटा वीर होऊन फिरू? ज्यांनी खरंच मार खाल्ला त्यांच्यासमोर?"

"पोरं उपाशी मरतील."

मोच्याची मुलगी म्हणते, आजोबा जिन्यावर बसले आणि बराच वेळ तळहात बघत राहिले. मग म्हणाले, "मला नाही जमायचं. तुला माहितीये मी कसा आहे."

"माहितीये," आजी म्हणाली. "म्हणून सांगते. जमायचं नसेल तर इथे राहू नका. जा कुठेतरी. मी सांगेन, युनियनच्या कामाला बाहेर पाठवलंय. कारखाना उघडला की या, मग गावभर ओरडून सांगा काय सांगायचं ते."

आणि तिने दार लावून घेतलं. मोच्याची मुलगी म्हणाली, आतून रडण्याचा आवाज आला, पण दार उघडलं नाही.

नदीपलीकडे एका म्हाताऱ्याचं छोटं रंगाचं दुकान होतं, तिथे आजोबा राहिले. तिथेही हौद, हे सांगायला नकोच. सुट्टीच्या दिवशी अंधारून आलं की मोचीकाकांच्या खोलीत मागच्या दाराने यायचे. मिळालेले पैसे मोचीकाकूच्या हातात ठेवायचे, ती आजीला पोचवायची. मग चामड्याच्या पडद्यामागे बसून मोचीकाकूला सगळं सांगायचे, हौदाचं, तुरुंगाचं, शिपायाचं. दुसरं कोणी ऐकणारं नव्हतं. आणि आजी काही ना काही निमित्त काढून आत्याला समोर पाठवायची. चपलेचा पट्टा लावून आण, टाच बघून घे. आत्या स्टुलावर बसून पाय हलवत बडबड करायची, आणि हा माणूस पडद्यामागे तोंडावर हात दाबून बसलेला असायचा.

"आई त्याला म्हणायची, एकदा तरी हाक मार पोरीला," मोच्याची मुलगी म्हणाली. "तर म्हणायचा, मारली की ती विचारणार, कुठे होतास. आणि विचारलं की मी सांगणार."

मग आजीला ताप भरला. चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. मोचीकाकू नदीपलीकडे धावत गेली, आजोबा धावत आले, पण उशीर झाला होता. युनियनचे लोक जमले होते. संपवीराची बायको म्हणून त्यांनी तिला घोषणा देत उचललं. एका पुढाऱ्याने आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हटलं, "या माणसाने आपल्यासाठी काय केलं हे आपण विसरणार नाही." मोच्याची मुलगी समोरच उभी होती. ती म्हणते, आजोबांनी बोलायला तोंड उघडलं. तिची आई घाबरून पुढे झाली. आणि मग आजोबांनी तोंड मिटलं.

ते पुढे मिटलेलंच राहिलं. कारखाना उघडला, धान्याची गरज संपली, तरी नाही. आजीने गप्प बसायला सांगितलं होतं.

"तुम्ही आत्याला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"आईनं शपथ घातली होती. आणि नंतर," ती म्हणाली, "तिनं कधी विचारलंच नाही."

धन्य आहेत बायका. दोघीही.

मी तिथून निघाले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. कोणावर चिडावं तेच कळत नव्हतं. आजोबांवर? ते तर खरं बोलत होते. आजीवर? तिने पोरं जगवली, त्यातलं एक माझा बाप. कोणावरच नीट चिडता येत नाही असा वैताग सगळ्यात वाईट.

आत्याला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. आईची पूजा आणि बापाचा राग, या दोन काठ्यांवर ती आजवर उभी होती. पण तिने विचारलं होतं, आणि मरायच्या आधी विचारलं होतं. मी गेले आणि सगळं सांगितलं, मागच्या जिन्यापासून पडद्यापर्यंत. काही गाळलं नाही. अध्यक्षही दारात येऊन उभे राहिले आणि अर्ध्यावरच खुर्ची शोधायला लागले.

आत्याने काठी जवळ ओढली. मग म्हणाली, "म्हणजे आईनं घालवलं त्याला."

"हो."

"आणि तो आला होता."

"आला होता, आत्या."

तिने काठी उचलली आणि पलंगाच्या कडेवर अशी हाणली की अध्यक्ष दचकले. "मूर्ख! दोघंही मूर्ख! अगं, आई गेल्यावर तीस वर्षं गप्प बसला ना तो? म्हणजे येत होतं ना गप्प बसायला? मग ती जिवंत होती तेव्हा एक वर्ष बसला असता तर काय बिघडलं असतं? आम्हाला आई-बाप दोघंही असते एक वर्ष!"

हाच हिशोब मीही दोन दिवस मनात करत होते.

"मी त्याच्याशी बोलले नाही," आत्या म्हणाली. आता ती रडत होती, आणि रडतानाही चिडलेलीच होती. "लग्न करून गेले ती वळून बघितलं नाही. तो आजारी होता तेव्हा तुझ्या आईनं निरोप धाडला, मी आले नाही. अरे, मला तरी सांगायचं होतंस एकदा! मी काय पोलीस होते?"

"आजीनं सांगितलं होतं ना, बोलू नका म्हणून," मी म्हटलं.

"ती मेली होती!"

"म्हणूनच, आत्या."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग पदराने तोंड पुसलं आणि भिंतीकडे वळली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो झटकला नाही. आमच्या घरात याला फार मोठी माया समजतात.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे बघ," ते मला म्हणाले, आवाज अगदी सभेतला. "हे सगळं घरातलं घरात राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ. बाकीची पुस्तिका छापायला गेलीये. तू आपली दोन पानं दे, मार खाल्ला, कबूल केलं नाही, भूमिगत झाले. खोटं थोडंच आहे? मार खाल्लाच ना? आजीनंसुद्धा हेच सांगितलं असतं."

खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की ते बरोबर आहे. हे आजीचंच काम होतं. तिने नवरा घालवून उभं केलेलं. ते मोडणारी मी कोण? दोन पानं काय, तासाभरात लिहून झाली असती.

आत्या भिंतीकडे तोंड करूनच बोलली.

"सगळं लिही. हौदाचं लिही, हात दाखवल्याचं लिही, संपाच्या दिवशी कामावर गेला होता हेही लिही. बिचाऱ्याला सांगायचंच होतं. आता कोण आमचं धान्य बंद करणार आहे?"